कर्नलच्या डॉक्युमेंटेशनपासून सुरुवात करायची, तर नेमकी कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात टीई कॉम्प्युटरला आहात, सी बऱ्यापैकी येतं, लिनक्स कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) पॅच, म्हणजे छोटा बदल, पाठवायचाय, पण सोर्स उघडला की धडकी भरते. मग डॉक्युमेंटेशनपासून सुरुवात केली तर चालेल का, की त्याला कोणी विचारत नाही?

चालेल. फक्त स्पेलिंग दुरुस्तीच्या वाटेला जाऊ नका. दोनदा पडलेला 'द' काढलात तर पॅच कदाचित घेतलाही जाईल, पण तुमच्या पदरात काही पडणार नाही. डॉक एक सांगतंय आणि कोड दुसरंच करतोय, अशी जागा शोधा. तिथे दोन्ही वाचल्याशिवाय सुटका नसते.

आधी क्लोन, म्हणजे गिटने कर्नलचा सोर्स आपल्याकडे उतरवणं. हॉस्टेलचं वायफाय रडकं म्हणून बरेच जण '--डेप्थ १' लावतात आणि मग गिट ब्लेम (कोणती ओळ कोणत्या बदलात आली ते दाखवणारी कमांड) केलं की फाइलमधली प्रत्येक ओळ एकाच कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, नावावर दिसते, कारण इतिहास आणलेलाच नसतो. त्याऐवजी '--फिल्टर=ब्लॉब:नन' लावा. कमिट सगळे येतात, फाइलींचा जुना मजकूर लागेल तसा उतरतो. ब्लेम करताना मात्र नेट चालू हवं.

मग 'मेक ऑलमॉडकॉन्फिग' (जवळपास सगळे ड्रायव्हर चालू करणारं कॉन्फिगरेशन) आणि एकच छोटी डिरेक्टरी धरून 'मेक डब्ल्यू=१ ड्रायव्हर्स/वॉचडॉग/'. अख्खा कर्नल बिल्ड करायची गरज नाही. हेच डेफकॉन्फिगवर (नेहमीच्या ठरावीक कॉन्फिगरेशनवर) केलंत तर तिथले बहुतेक ड्रायव्हर बंदच असतात, ते कंपाइल होत नाहीत, वॉर्निंग येत नाही आणि सगळं चकाचक आहे असं वाटतं. डब्ल्यू=१ मुळे कंपायलरच्या जादा वॉर्निंगबरोबर '/**' ने सुरू होणाऱ्या, फंक्शनचं वर्णन देणाऱ्या कॉमेंटसुद्धा तपासल्या जातात. फंक्शनला नवा पॅरामीटर जोडला पण वरच्या कॉमेंटमध्ये कोणी लिहिला नाही, की 'नॉट डिस्क्राइब्ड'. पॅरामीटर काढला पण कॉमेंटमध्ये तसाच राहिला, की 'एक्सेस'.

ही वॉर्निंग घालवायला '@टाइमआउट: द टाइमआउट' असं लिहून मोकळे होणारे पुष्कळ. वॉर्निंग जाते, माहिती शून्य. वाचणाऱ्याला हवं असतं एकक. ते फंक्शनच्या पोटात सापडतं: आकडा 'एमसेक्स_टू_जिफीज' मधून जात असेल तर मिलिसेकंद, थेट 'शेड्यूल_टाइमआउट'ला दिला असेल तर जिफी, म्हणजे कर्नलच्या घड्याळाचा एक ठोका. आणि जिफी काही ठरलेला काळ नव्हे. कर्नलचा एचझेड (सेकंदाला किती ठोके) १००० असेल तर एक जिफी १ मिलिसेकंदाची, २५० असेल तर ४, १०० असेल तर १०. मिलिसेकंद समजून कोणी १०० दिले, तर एचझेड २५० वर ४०० मिलिसेकंद थांबणं झालं आणि १०० वर पुरा सेकंद. ज्याच्या लॅपटॉपवर एचझेड १००० आहे, त्याला हा घोळ कधी दिसणारच नाही.

रिटर्न व्हॅल्यूचं प्रकरण याहून वाईट. 'कर्नल/शेड/कम्प्लिशन.सी' मधलं 'वेट_फॉर_कम्प्लिशन_टाइमआउट' घ्या, म्हणजे काम होईपर्यंत किंवा वेळ संपेपर्यंत थांबणारं फंक्शन. कर्नलमधली सर्वसाधारण रीत म्हणजे ० आलं की फत्ते, ऋण आलं की चूक. इथे ० म्हणजे वेळ संपली, आणि काम झालं असेल तर उरलेल्या जिफी, निदान १. शिवाय प्रकार अनसाइन्ड लाँग, म्हणजे ऋण आकडा येणं शक्यच नाही. तरी रीतीप्रमाणे 'शून्यापेक्षा कमी का' असं तपासून लोक पुढे जातात. हार्डवेअरने उत्तरच दिलेलं नसतं आणि ड्रायव्हर मात्र काम झाल्यासारखा चालत राहतो. याच नावात 'इंटरप्टिबल' घातलेलं भावंड साइन्ड लाँग देतं, आणि सिग्नल आला तर त्यात खरोखरच ऋण आकडा येतो. म्हणून कॉमेंटमधली 'रिटर्न:' ही एक ओळ मला बाकीच्या पानभर वर्णनापेक्षा मोलाची वाटते. तुम्ही निवडलेल्या डिरेक्टरीत ती कुठे कुठे गायब आहे ते बघा.

डॉक आणि कोड जुळत नाहीत म्हटल्यावर डॉकच चुकलंय असं धरून चालू नका. 'गिट लॉग -एस' ला तो शब्द देऊन तो कोणत्या कमिटमध्ये आला किंवा गेला ते काढा आणि त्या कमिटचा मेसेज वाचा. बदल जाणूनबुजून केलेला असेल तर डॉक सुधारा. चुकून झालेला असेल तर तुमच्या हाती बग लागलाय, कोड सुधारायचा आणि 'फिक्सेस:' ओळीत त्या कमिटच्या हॅशची (ओळखक्रमांकाची) पहिली १२ अक्षरं द्यायची. 'डॉक्युमेंटेशन/एबीआय' मधलं काही असेल तर जास्तच जपून, कारण तिथे युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या प्रोग्रॅमना, दिलेला शब्द असतो.

भाषांतराचा मोह होईल, कारण 'ट्रान्सलेशन्स' फोल्डरमध्ये चिनी, जपानी, इटालियन वगैरे आहे. एवढ्यात नको. मूळ इंग्रजी फाइल बदलली की तुमची शिळी झाली, आणि ती ताजी ठेवायची जबाबदारी पुढच्या सेमलाही तुमचीच.

पाठवताना 'चेकपॅच.पीएल' (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालवा आणि 'गेट_मेंटेनर.पीएल' त्या भागाच्या मेंटेनरची, म्हणजे तो सांभाळणाऱ्यांची, जी नावं देईल त्यांनाच मेल करा. 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ, म्हणजे हा बदल द्यायचा हक्क तुम्हाला आहे अशी सही, हवीच. जीमेलच्या वेबपेजवरून पॅच चिकटवू नका, टॅबच्या जागी स्पेस होतात आणि पॅच लागत नाही. 'गिट सेंड-ईमेल' वापरा, त्यासाठी जीमेलचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून अ‍ॅप पासवर्ड घ्या. कॉलेजच्या नेटवर मेल पाठवायचा पोर्ट ५८७ अडवलेला असेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पाठवा. पहिला मेल स्वतःलाच करा आणि आलेला मेल 'गिट एएम'ने वेगळ्या ब्रांचवर लावून बघा. पाठवायच्या आधी कोणाला तरी दाखवायचा असेल, तर सीओईपीचा मुक्त सॉफ्टवेअर गट आणि पुणे लिनक्स यूजर्स ग्रुप गावातच आहेत.

उत्तर आलं नाही तर निदान आठवडाभर गप्प बसा. नवी आवृत्ती निघाल्यानंतरचे साधारण दोन आठवडे मर्ज विंडोचे, म्हणजे जमलेले बदल मुख्य कर्नलमध्ये घ्यायचे, तेव्हा मेंटेनर नव्या पॅचकडे बघतीलच असं नाही. सुधारून पाठवाल तेव्हा 'व्ही२' लावा आणि काय बदललं ते पॅचमधल्या तीन डॅशच्या ('---') ओळीखाली लिहा. वर लिहिलंत तर ते कमिट मेसेजमध्ये कायमचं जाऊन बसतं.