परदेशी कंपन्यांबरोबर मिळून शस्त्रं बनवल्यानं देशाचा धाक खरंच वाढतो का?

वाढतो, पण भागीदारी कशी आहे त्यावर. लढाई लांबली तर तुम्हाला सुटे भाग आणि दारूगोळा कोण पुरवणार, हा हिशेब समोरचाही मांडत असतो.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या स्कॉर्पिन पाणबुड्यांचंच बघा. २००५ मध्ये फ्रेंचांशी करार झाला, २०१७ च्या डिसेंबरात पहिली ‘कलवरी’ नौदलात आली. पाणबुडी नवी कोरी, पण तिच्यासाठी ठरवलेले इटालियन ‘ब्लॅक शार्क’ टॉर्पेडो (पाण्याखालून जाऊन लक्ष्यावर आदळणारी अस्त्रं) आलेच नाहीत. ते बनवणारी कंपनी ज्या समूहाची, तोच समूह व्हीआयपी हेलिकॉप्टरच्या लाच प्रकरणात अडकला आणि २०१६ मध्ये खरेदी रद्द झाली. नौदलाला जुन्या जर्मन टॉर्पेडोंवर भागवावं लागलं. एक्झोसेट क्षेपणास्त्रं होती हे खरं, पण ती जहाजांविरुद्ध चालतात. पाण्याखाली शत्रूची पाणबुडी गाठायची तर टॉर्पेडोच लागतो. नवे टॉर्पेडो बसवण्याचा फ्रेंचांशी करार व्हायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. लाचखोरीला माफी द्यावी असं मी म्हणत नाही, पण दुसरा पुरवठादार तयार न ठेवणं हा आपलाच गलथानपणा.

आपल्या तेजस लढाऊ विमानाचीही तीच गत. ८३ ‘मार्क-१ए’ विमानांची ऑर्डर २०२१ मध्ये दिली, नाशिकजवळ ओझरलाही जुळणी सुरू झाली, पण अमेरिकन जीई कंपनीचं पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. इंजिनाविना विमानाला कोण घाबरणार?

ब्रह्मोस क्षेपणास्त्राचं वेगळं. १९९८ मध्ये रशियाबरोबर कंपनीच काढली, त्यात भारताचा वाटा ५०.५ टक्के. क्षेपणास्त्र दोघांनी मिळून विकसित केलं, त्यामुळे पुढचे बदल करायला आपल्याला वाव राहिला. अर्थात बंधनं इथेही होती. क्षेपणास्त्रांचा प्रसार रोखण्यासाठी काही देशांनी बनवलेल्या ‘क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटा’च्या नियमांमुळे पल्ला २९० किलोमीटरवर अडकला होता; २०१६ मध्ये भारत त्या गटात गेला, मग तो वाढवता आला. मे २०२५ मध्ये पाकिस्तानबरोबरच्या संघर्षात ब्रह्मोस वापरलं गेलं, तेव्हा त्याची जरब कागदावरून बाहेर आली.

आणखी एक गंमत. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपिन्सनं ब्रह्मोस घेण्याचा करार केला. त्यांचं भांडण चीनशी. म्हणजे जवळपास निम्म्या रशियन मालकीच्या कंपनीचं क्षेपणास्त्र आज चिनी जहाजांच्या वाटेवर उभं आहे, आणि मॉस्कोनं ते अडवलं नाही.