‘पीएचडी करून मशीन सांभाळणार?’

प्रश्न : मुलीला पीएचडी होऊन पाच वर्षं झाली, दोन पोस्टडॉकही (पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन नोकऱ्या) झाले. आता म्हणते, विद्यापीठातच राहायचंय, पण प्रोफेसर व्हायचं नाही. मायक्रोस्कोपच्या खोलीत तिचा जीव रमतो. एवढं शिकून शेवटी मशीन सांभाळायचं का? आणि अशी कायमची नोकरी असते तरी का?

उत्तर : असते. प्रोफेसरच्या जागांसारखीच मोजकी असते, आणि जाहिरातीत पटकन ओळखू येत नाही, कारण नाव जागोजागी बदलतं : स्टाफ सायंटिस्ट, फॅसिलिटी मॅनेजर, रिसर्च इंजिनिअर. फ्रान्सच्या सीएनआरएस या राष्ट्रीय संशोधन संस्थेत तर संशोधक आणि रिसर्च इंजिनिअर दोघेही कायम सरकारी नोकरीत असू शकतात, वर्गावर जाण्याची सक्ती नाही.

आता ‘मशीन सांभाळणं’. समजा, एक विद्यार्थी अस्पष्ट प्रतिमा घेऊन येतो. तीन आठवडे तो स्टेनिंगला, म्हणजे नमुना रंगवण्याला, दोष देतोय. तुमची मुलगी स्लाइड उजेडात धरते आणि विचारते, कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावरची काच, कुठली वापरलीस? मायक्रोस्कोपची जास्त क्षमतेची बरीचशी ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची भिंगं) ०.१७ मिलिमीटर जाडीच्या काचेचा हिशोब धरून बनवलेली असतात. याने हाताला लागली ती पातळ काच लावलेली. असलं शहाणपण पेपरात छापून येत नाही, आणि मुदतीवरचा माणूस गेला की त्याच्याबरोबर जातं. म्हणून तर विद्यापीठांना कायमची माणसं लागतात. (पगार द्यायची वेळ आली की याचा विसर पडतो, ते वेगळं.)

तुमची काळजी रास्त आहे, पण ती पगाराच्या उगमाबद्दल असू द्या. करारावर ‘कायम’ लिहिलेलं असतं आणि पगार मात्र कुणाच्या तरी ग्रँटमधून, म्हणजे एखाद्या प्रकल्पाला मिळालेल्या मुदतीच्या निधीतून, निघत असतो. ग्रँट संपली की पद गेलं. मुलाखतीत तिने सरळ विचारावं : पगार विद्यापीठाच्या मूळ बजेटमधून, ग्रँटमधून, की उपकरण वापरणाऱ्यांच्या फीमधून? उत्तर गुळमुळीत आलं तर पगार मूळ बजेटमधला नाही असं धरून चालावं. बढतीच्या पायऱ्या किती आणि पेपरवर नाव कधी लागतं, हेही तिथेच. बढती ही या वाटेची लंगडी बाजू आहे, ते लपवत नाही.

देशाचा कायदाही बघावा लागतो. जर्मनीत २००७च्या कायद्याने संशोधकाची पात्रता वाढवण्यासाठीचे मुदतीचे करार पीएचडीआधी साधारण सहा आणि नंतर सहा वर्षं देता येतात. त्यावरून २०२१मध्ये ‘मी हाना’ म्हणत (हाना हे या कायद्याचं समर्थन करणाऱ्या सरकारी व्हिडिओतलं काल्पनिक संशोधक पात्र) हजारो संशोधकांनी आवाज उठवला. तिची पाच वर्षं तिथे गेली असतील, तर घाई करायला हवी.

तोवर तिने एक वही ठेवावी : किती जणांना उपकरण शिकवलं, कुठला प्रयोग कशामुळे सुटला, त्यातून कोणता पेपर निघाला. अशा पदाच्या निवड समितीपुढे ही वही पेपरांच्या यादीइतकीच कामाला येते. आणि करार हाती आला की सही करण्याआधी पगाराचा स्रोत सांगणारं कलम मला पाठवा.