जपानी बास्केटबॉलपटू युकी कावामुरा कोण? एवढा बुटका खेळाडू एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) कसा?
जन्म २००१, यामागुची प्रांत. उंची जेमतेम १७२ सेंटीमीटर, म्हणजे आपल्याकडेही चारचौघांत उठून दिसणार नाही. फुकुओका दाईइची हायस्कूलमधून तो गाजला, पुढे योकोहामा बी-कोर्सेअर्सकडून खेळताना २०२२-२३ मध्ये जपानमधल्या व्यावसायिक बी-लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वात मोलाचा खेळाडू ठरला. २०२३ च्या विश्वचषकात फिनलंडविरुद्ध २५ गुण आणि ९ असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट करून देणारे पास).

पण खरा कावामुरा बघायचा तर पॅरिस ऑलिंपिकमधली फ्रान्सविरुद्धची मॅच बघा. समोर फ्रान्सचा सव्वासात फुटी वेम्बन्यामा, आणि हा पठ्ठ्या २९ गुण ठोकतो! शेवटच्या दहा-अकरा सेकंदांत कावामुराविरुद्ध दिलेला फाउल मला अजून पटलेला नाही; त्यामुळेच फ्रान्सने बरोबरी साधली आणि जपान ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) ९०-९४ हरलं. त्यानंतर मेम्फिस ग्रिझलीज या एनबीए संघाने त्याला टू-वे करार दिला, म्हणजे मुख्य संघ आणि खालच्या लीगमधला संघ अशा दोन्हीकडे खेळण्याचा.