प्रश्न तुमचे : कॉयरमधली नोकरी, 'सरळ' आवाज आणि बसलेला घसा

अर्ली म्युझिक म्हणजे ढोबळमानाने मध्ययुगापासून बाखपर्यंतचं पाश्चात्त्य संगीत. ते आणि कॉयर, म्हणजे गायकवृंद, एवढ्यावर पोट भरतं का, हा एकच प्रश्न वसई, मुंबई, पुणे, गोवा आणि परदेशी शिकणाऱ्या मुलांकडून वेगवेगळ्या वेषात येत राहतो. म्हणून उत्तरं इथे एकत्र देतो. नावं गाळली आहेत. गळा न ऐकता दिलेलं उत्तर अर्धंच असतं, हे धरून चालावं.

वसईच्या चर्चमध्ये टेनर (पुरुषांचा वरच्या पट्टीतला आवाज) गातो. युरोपात कॉयरमध्ये महिन्याच्या पगाराची नोकरी असते, हे खरं की ऐकीव?

खरं आहे, पण देश कोणता ते बघा. जर्मनीत रेडिओची कॉयर्स आहेत. बर्लिनचं रुंडफुंककोर १९२५ पासूनचं. तिथले गायक रीतसर नोकरदार असतात. ब्रिटनमध्ये असं पूर्णवेळ चेंबर कॉयर एकच, बीबीसी सिंगर्स, १९२४ सालचं, जेमतेम वीस जणांचं. मार्च २०२३ मध्ये तेही बंद करायची घोषणा झाली होती. दीड लाखांवर सह्या जमल्या, ओरड झाली, तेव्हा निर्णय मागे फिरला. तेव्हा 'कायम नोकरी' हा शब्द जरा जपून वापरा.

बाकी लंडन कार्यक्रमागणिक पैशांवर चालतं. मॉन्टेव्हर्डी कॉयर, टॅलिस स्कॉलर्स, द सिक्स्टीन या कॉयर्सच्या रेकॉर्डिंगवर तुम्ही जीव टाकता, पण त्यातले गायक महिन्याच्या पगारावर नसतात. घर चालतं ते कॅथेड्रलच्या ले क्लार्कच्या, म्हणजे तिथल्या पगारी गायकाच्या, जागेवर, शिकवण्यांवर आणि बदलीच्या कामांवर. बदली गायकाला तिथे 'डेप' म्हणतात आणि माणसं जमवणाऱ्याला 'फिक्सर'. फिक्सरचा फोन सकाळी येतो. संध्याकाळी तासाभराची तालीम, त्यात साम (बायबलमधलं स्तोत्र), मॅग्निफिकाट आणि नुंक दिमित्तिस ही ठरलेली दोन प्रार्थनागीतं आणि एक अँथेम, म्हणजे कॉयरसाठीची धार्मिक रचना, आणि लगेच ईव्हनसाँग, म्हणजे संध्याकाळची प्रार्थना. अँथेम तुम्ही आयुष्यात पाहिलेलं नसतं. चुकलात तर कोणी रागावत नाही, पुढचा फोन येत नाही एवढंच.

पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षेची आठवी ग्रेड डिस्टिंक्शनमध्ये झाली. एवढ्यावर ऑडिशन देऊ का?

नाही. अनोळखी पान न थांबता वाचता येतं का, ते आधी कुणाला तरी समोर बसवून तपासा.

कॅथेड्रलच्या कॉयरमध्ये मोठ्या बायकांना घेतात का?

आता घेतात. लंडनच्या सेंट पॉल्सने पहिली स्त्री व्हिकार कोरल (कॉयरमधली पगारी गायिका) २०१७ मध्ये नेमली, आल्टोच्या, म्हणजे टेनरच्या वरच्या आवाजाच्या, जागेवर. प्रत्येक कॅथेड्रलचा नियम वेगळा असतो, तिथल्या संगीत संचालकाला ईमेल करून विचारा.

पुण्यात शिकते, सोप्रानो (सर्वांत उंच आवाज) आहे. अर्ली म्युझिकसाठी व्हायब्रॅटो, म्हणजे स्वरातला कंप, मुळापासून काढायला हवा, असं ऑनलाइन शिक्षक म्हणतात. सहा महिन्यांत आवाज सरळ झालाय, पण तासाभरात घसा दुखतो.

मग तो सरळ झालेला नाही, आवळलेला आहे. या एका गैरसमजापायी बिघडलेले गळे मी इतके ऐकलेत की इथे मला आवरता येणार नाही.

'जुन्या काळी व्हायब्रॅटो नव्हता' हे कुणी सांगितलं? जर्मन संगीतकार प्रेटोरियस १६१९ मध्ये लिहितो की गायकाचा आवाज सुंदर आणि कंप पावणारा हवा, मात्र प्रमाणात. मोझार्ट १७७८ मध्ये वडिलांना पत्रात सांगतो की माणसाचा आवाज आपसूकच कंप पावतो. त्याची तक्रार आहे ती मुद्दाम हलवणाऱ्यांबद्दल. म्हणजे वाद मात्रेचा होता, असण्या-नसण्याचा नव्हता. तयार गळ्यात सेकंदाला पाच ते सात आंदोलनं स्वाभाविक असतात. श्वास आणि स्वरयंत्र यांचा तोल जमला की ती येतात. दाबून बंद करायला गेलात तर स्वरयंत्र वर चढतं, स्वरतंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात, आणि तुमचा घसा नेमका तेच सांगतोय.

मग अर्ली म्युझिक गाणाऱ्या सोप्रानो एमा कर्कबींसारखा निर्मळ आवाज येतो कुठून? कमी दाबातून. त्या ल्यूट या जुन्या, मऊ आवाजाच्या तंतुवाद्यासोबत गात. ल्यूटवर मात करायला जोर लागत नाही. आतड्याच्या तारांची व्हायोलिनं मऊ बोलतात, बरोक (बाखच्या काळातली) वाद्यं बहुधा ४१५ हर्ट्झच्या 'ए' स्वराला लावतात, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा अर्धा स्वर खाली. दगडी चॅपेल उरलेलं काम करतं. हे सगळं सोडून पुण्याच्या बंद खोलीत इअरफोन लावून फक्त रेकॉर्डिंगच्या टोनची नक्कल केली, की उरतो तो फक्त घशातला ताण.

कंडक्टर सरळ स्वर मागतात, हे मान्य. शेवटच्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र गायलेल्या स्वरांत, तिसरा स्वर शुद्ध बसवायचा असेल तर आंदोलन कमी करावंच लागतं. पण ते क्षणापुरतं, श्वासाच्या प्रवाहावर. खात्री करायची असेल तर एकच स्वर हळू सुरू करा, वाढवा, पुन्हा हळू करा. हळू होताना आवाज फाटला किंवा अडकला तर तुम्ही दाबताय. ऑनलाइन वर्गात मायक्रोफोन आणि कॉम्प्रेशन (आवाजाचे चढउतार सपाट करणारी प्रक्रिया) हे सगळं झाकून टाकतात, आणि कोर्स विकणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं. आज सराव थांबवा. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे स्वरतंतूंची हालचाल दाखवणारी तपासणी, करून घ्या. मग समोर बसून ऐकणारा शिक्षक शोधा.

मुलगा चौदाचा, आवाज फुटतोय. त्याला काउंटरटेनर (बायकांच्या उंचीचं गाणारा पुरुष) व्हायचंय. नातेवाईक म्हणतात, त्यासाठी ऑपरेशन लागतं.

नातेवाईक कॅस्ट्राटोंबद्दल, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणी खच्ची केलेल्या गायकांबद्दल, बोलताहेत. त्यांतला शेवटचा नामवंत, मोरेस्की, १९२२ मध्ये गेला. काउंटरटेनर हा चारचौघांसारखा पुरुष असतो, फॉल्सेटो, म्हणजे नेहमीच्या आवाजावरचा हलका उंच आवाज, तयार केलेला. काउंटरटेनर आल्फ्रेड डेलर हे कॅंटरबरी कॅथेड्रलमध्ये असेच गात होते, बोलायला लागले की साधा पुरुषी आवाज. मुलाला अजून ठरवू देऊ नका. गाऊ द्या, पण हळू आणि सोयीच्या पट्टीत. बोलण्याचा आवाज स्थिरावला की शिक्षकाला दाखवा.

आयटीत आहे, वय एकोणतीस. उशीर झाला का?

जेम्स गिलक्रिस्ट हे टेनर १९९६ पर्यंत डॉक्टरी करत होते. एमा कर्कबी शाळेत शिकवत होत्या. पण गिलक्रिस्ट त्याआधी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या कॉयरमध्ये घडले होते, हे किस्सा सांगणारे विसरतात. तुमचं वाचन तयार असेल तर बोलू. द सिक्स्टीनची जेनेसिस सिक्स्टीन ही विनाशुल्क योजना अठरा ते तेवीस वयासाठी आहे, ती तुमच्यासाठी गेली. नोकरी सोडण्याआधी दोन जाणकारांना प्रत्यक्ष गाऊन दाखवा. राजीनामा त्यानंतर.

आपल्यातलं कुणी पोचलंय का?

पॅट्रिशिया रोझारिओ. मुंबईचा जन्म, लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिक्षण. संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी खास त्यांच्या आवाजासाठी लिहिलं.

लंडनमध्ये शिकतोय, स्टुडंट व्हिसावर. एका कॉयरने डेप म्हणून बोलावलंय. जाऊ?

थांबा. डेपचं काम म्हणजे स्वयंरोजगार, आणि तुमच्या व्हिसावर तो चालत नाही. शिवाय व्यावसायिक कलाकार म्हणून काम करायलाही मनाई आहे. 'पाकिटात देतात, कुणाला कळतं' म्हणणारे सीनियर तुमच्या सुनावणीला येणार नाहीत. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वयंरोजगार चालतो, तेव्हा हीच कॉयर्स तिथेच असतील.

एका एजन्सीने 'युरोप दौऱ्यात सोलो' देतो म्हणून नोंदणीचे पैसे मागितलेत.

देऊ नका. खरा एजंट तुमच्या मानधनातून टक्के घेतो, आधी पैसे मागत नाही. प्रवेशशुल्क भरून 'सुवर्णपदक' वाटणाऱ्या स्पर्धांचंही तेच. करार आला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

आल्टो गाते. दीड महिना घसा बसलाय. गरम पाणी, मध, ज्येष्ठमध चालू आहे. अंग दुखतं म्हणून ॲस्पिरिनही घेते. पुढच्या आठवड्यात कार्यक्रम आहे. स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन गायलं तर चालेल का?

दीड महिना! गळ्यावर पोट असणाऱ्याने दोन आठवड्यांवर थांबू नये. ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटत असेल, पण चघळलेली वस्तू स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. ती अन्ननलिकेतून जाते. ॲस्पिरिनने रक्त गोठायला वेळ लागतो, त्यामुळे जोरात गाताना स्वरतंतूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते. दुसरं काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. हृदयासाठी लिहून दिलं असेल तर मात्र मनाने बंद करू नका. स्टिरॉइडने सूज उतरते, दुखणं तसंच राहतं. तपासणीशिवाय ते टोचून घेणं म्हणजे जखमेवरून धावणं. उद्याच दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या. आणि कंडक्टरला आजच कळवा, म्हणजे त्यांना दुसरी आल्टो शोधायला आठवडा मिळेल.