मुलीला सिनेमाची कोरिओग्राफर व्हायचंय : नाशिकहून मुंबईला पाठवण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीची बारावी झाली, कथकच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा झाल्या, कॉलेज रोडला हिपहॉपही शिकते, आणि आता सिनेमात कोरिओग्राफर व्हायचं म्हणते. यात पोट भरतं का, आणि मुंबईला राहायला न पाठवता पंचवटी एक्सप्रेसने रोज जाऊन-येऊन जमेल का? मी मुंबईत आधी ग्रुपमध्ये नाचले, मग असिस्टंट होते, आता नाशिकरोडला क्लास घेते. उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

स्टेप बसवणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. क्लासला येणाऱ्या बहुतेक पालकांना हे पटत नाही, मुलींना तर अजिबातच नाही. गाणं चालू असेपर्यंत कोरिओग्राफर हाच दिग्दर्शक असतो. ट्रॅक हातात येतो तेव्हा कित्येकदा गायकाचा पक्का आवाजसुद्धा चढलेला नसतो. तो ऐकून मुखडा, अंतरे, मधले म्युझिक पीस वेगळे करायचे, आठ-आठच्या काउंटमध्ये मोजायचे, कुठे हिरॉइन एकटी, कुठे ग्रुप, कुठे नुसता कॅमेराच फिरणार ते ठरवायचं. मग असिस्टंट हॉलमध्ये ग्रुपकडून बसवून घेतात. सेटवर आधी मास्टर शॉट, म्हणजे सगळा नाच सलग दिसेल असा, मग तुकडे. तुकडे घेताना पदर कुठल्या खांद्यावर होता, मान कुठल्या काउंटला वळली होती, हे कुणीतरी डोक्यात ठेवावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे असिस्टंट. मास्टरजींच्या, म्हणजे कोरिओग्राफरच्या, शिव्याही तिलाच.

तुमच्या मुलीची तयारी तत्काराची, म्हणजे कथकमधल्या पायांच्या कामाची आहे. छानच. पण क्लोजअपमध्ये पाय नसतातच! तिथे डोळे, मान, खांदा आणि बोटं बोलतात. स्टेजवर प्रेक्षक समोर एका जागी बसलेला असतो. सिनेमात प्रेक्षकाची जागा दर शॉटला बदलते आणि ती कोरिओग्राफरच ठरवते. म्हणून लेन्स कळली पाहिजे, एडिटिंग कळलं पाहिजे.

स्लो मोशनचं बघा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. हालचाल निम्म्या वेगाने दिसायला हवी तर शूटिंग ४८ फ्रेमने करतात. मग ओठ जुळायचे कसे? सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात आणि नट-नटी त्या चिरक्या आवाजावर ओठ हलवतात, चेहरा मात्र शांत, प्रेमात बुडालेला. 'जो जीता वही सिकंदर' (१९९२) मधलं 'पहला नशा' स्लो मोशनमुळेच लक्षात राहिलं. तो सिनेमा आधी सरोज खान यांच्याकडे होता, त्या बाहेर पडल्यावर फराह खान यांना संधी मिळाली. पुढे 'मैं हूँ ना' (२००४) पासून फराह अख्ख्या सिनेमाच्याच दिग्दर्शक झाल्या. मला यात आश्चर्य वाटत नाही, कारण गाण्यांच्या निमित्ताने दिग्दर्शन त्या आधीपासूनच करत होत्या.

आता आयुष्य कसं असतं ते. सरोज खान यांचंच घ्या. जन्म १९४८ चा. लहानपणी कॅमेऱ्यासमोर, मग ग्रुपमध्ये डान्सर, मग कोरिओग्राफर बी. सोहनलाल यांच्या हाताखाली असिस्टंट. स्वतंत्र काम मिळालं ते 'गीता मेरा नाम'ला, १९७४ मध्ये. आणि नाव झालं कधी? 'नगीना' १९८६, 'मिस्टर इंडिया' १९८७, 'तेज़ाब' १९८८. म्हणजे पहिलं स्वतंत्र काम मिळाल्यावरही एक तप गेलं, त्याआधीची वर्षं वेगळीच. 'एक दो तीन' इतकं गाजलं की फिल्मफेअरमध्ये कोरिओग्राफीसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला. तोवर या कामाला तिथे बक्षीसच नव्हतं, ही माझ्या मते जास्त लक्षात ठेवायची गोष्ट. नंतर 'देवदास', तमिळ 'शृंगारम' आणि 'जब वी मेट' यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मधल्या काळात फॅशन बदलली, नवे मास्टर आले, हातातलं काम कमी झालं. २०२० च्या जुलैत त्या गेल्या. नाचातल्या नजरेचं शिक्षण हवं असेल तर मुलीला त्यांची गाणी आवाज बंद करून बघायला सांगा. माधुरी कथक शिकूनच आली होती, तरी सिनेमाची अदा तिला वेगळी शिकावी लागली.

मराठीत फुलवा खामकर यांचं नाव तिला माहीत असेलच. टीव्हीवरची नृत्यस्पर्धा जिंकून पुढे आल्या आणि 'नटरंग'मधली 'अप्सरा आली' त्यांनी बसवली. पण स्पर्धा जिंकणाऱ्या सगळ्यांचं असं होत नाही. स्पर्धेत एकटीने चमकायचं असतं, इथे चाळीस जणींना एका काउंटवर आणून स्वतः मॉनिटरमागे बसायचं असतं.

पैशांचं स्पष्ट सांगते. ग्रुप डान्सरला शिफ्टप्रमाणे पैसे मिळतात, बोलावणं कोऑर्डिनेटरकडून येतं. सिने डान्सर्स असोसिएशनचं कार्ड असलं की दर आणि तक्रार या दोन्हींना आधार राहतो. पैसे उशिरा येतात, कधी बुडतात. एका निर्मात्याकडचे माझे अजून यायचेत, आता ते गंगेला मिळाले असं धरून चालते. असिस्टंटचं उत्पन्न मास्टरकडे काम असेल तसं. हिंदी सिनेमात वर पोहोचलेले अगदी मोजके, मराठीत गाण्याचं बजेटच तोकडं. म्हणून बहुतेकांचं घर लग्नाचे संगीत, इव्हेंट, जाहिराती आणि क्लासवर चालतं. यात कमीपणा काही नाही. नाशिकमध्ये लग्नसराईला माझीही एक संध्याकाळ रिकामी नसते, गंगापूर रोडच्या लॉन्सवर काका-मामांना 'झिंगाट'वर नाचवणं हेही कौशल्यच आहे!

कागदाचंही बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते, पण ती लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या रीतीने नोंदलेली असावी लागते, आणि सिनेमा त्या व्याख्येतून वगळलेला आहे. तेव्हा आपल्या रचना स्वतः नोंदवून ठेवायची आणि सही करण्याआधी करार वाचायची सवय तिला आत्ताच लावा.

नाशिकवरून आठवलं. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'नंतर १९१३ मध्ये इथे आले आणि 'मोहिनी भस्मासुर' केला. मोहिनी झाल्या होत्या कमलाबाई गोखले. आपल्या पडद्यावरच्या अगदी सुरुवातीच्या नायिकेची गोष्टच नाचाची निघाली. भस्मासुर मोहिनीची स्टेप कॉपी करत गेला आणि शेवटी स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून बसला. रील बघून नाच बसवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी ही कथा मुद्दाम सांगते. हसतात, आणि दुसऱ्या दिवशी परत तीच स्टेप.

मग करायचं काय? कथकची पुढची विशारद परीक्षा सोडू देऊ नका. दहावीचे वाढीव गुण पदरात पडले की कथकही सोडणाऱ्या मुली बघून जीव तुटतो. पदवी हवीच असेल तर पुण्याच्या विद्यापीठातलं ललित कला केंद्र किंवा मुंबईतलं नालंदा नृत्य कला महाविद्यालय बघा, नृत्यातलीच पदवी मिळते आणि उद्या शिकवायचं ठरलं तर उपयोगी पडते. शिक्षण चालू असताना डिसेंबर-जानेवारीत एखाद्या शाळेच्या गॅदरिंगची दोन-तीन गाणी तिला एकटीला बसवू द्या. न नाचणारी मुलं, भांडणारे पालक, ऐन वेळी न आलेले कपडे, तासभर उशिरा मिळालेलं कालिदास कलामंदिरचं स्टेज. यात ती रमली तर पुढे जाऊ द्या. चिडून स्वतःच मधोमध नाचायला लागली तर ती डान्सर आहे, कोरिओग्राफर नाही, आणि डान्सर असण्यातही वाईट काही नाही. त्याच गाण्यांचं मोबाइलवर शूटिंग आणि एडिटिंगही तिनेच करायचं.

राहता राहिली पंचवटी. कॉलेजपुरती, एखाद्या वर्कशॉपपुरती ठीक. गाडी नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते आणि दादरला पोचेपर्यंत दहा वाजून जातात. सेटवर तोवर पहिला शॉट झालेला असतो. परतीची संध्याकाळी सहा-सव्वासहाला सीएसएमटीहून सुटते, आणि गोरेगावच्या फिल्मसिटीत त्या वेळी पॅकअपचं नावही कुणी काढत नाही. असिस्टंट म्हणून काम मिळालं की अंधेरी-गोरेगावच्या बाजूला दोघी-तिघी मुलींनी मिळून खोली घ्यावी लागेल, आणि पहिलं वर्षभर भाडं घरून द्यायची तयारी ठेवा.