रोहिणी, धमनी, नीला, शीर : रक्तवाहिन्यांची नावं कशावरून?

दहावीतल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : 'रोहिणी शुद्ध रक्त नेते आणि शीर अशुद्ध, असं आम्ही पाठ केलं. पण फुप्फुस रोहिणीत तर अशुद्ध रक्त असतं. मग तिचं नाव चुकलंय का? रोहिणी आणि धमनी एकच का? आणि "शिरा" हे एकवचन की अनेकवचन?'

नाव चुकलेलं नाही, पाठ केलेली व्याख्या चुकली आहे. हृदयाकडून बाहेर रक्त नेणारी ती रोहिणी आणि हृदयाकडे परत आणणारी ती शीर. नाव दिशेवरून पडतं, आत कसलं रक्त आहे यावरून नाही. फुप्फुस रोहिणी उजव्या जवनिकेतून, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून निघते, म्हणून ती रोहिणी. गर्भाच्या नाळेत तर दोन रोहिण्या आणि एक शीर असते आणि आईच्या वारेकडून ऑक्सिजन घेऊन येणारी असते ती शीरच, कारण ती बाळाच्या हृदयाच्या दिशेने वाहते. या दिशेमुळेच दोघींची घडण वेगळी. हृदयाचा दाब सोसायचा म्हणून रोहिणीची भिंत जाड, लवचीक. शिरेत दाब कमी, म्हणून भिंत पातळ. आणि रक्त मागे घसरू नये म्हणून हातापायांच्या शिरांमध्ये जागोजागी झडपा.

'शुद्ध–अशुद्ध' ही जोडी मला मनापासून खटकते. शिरांतून परतणाऱ्या रक्तात ऑक्सिजन संपलेला नसतो. विश्रांतीच्या वेळी त्यातल्या हिमोग्लोबिनवर सुमारे 70 ते 75 टक्के ऑक्सिजन अजून असतो. मूत्रपिंडातून निघणाऱ्या शिरेचं उदाहरण घ्या. तिच्यातल्या रक्तातला युरिया नुकताच गाळला गेलेला असतो, म्हणजे त्या बाबतीत ते मूत्रपिंडात शिरणाऱ्या रोहिणीतल्या रक्तापेक्षा स्वच्छच. तरी आपण त्याला अशुद्ध म्हणायचं? 'ऑक्सिजनयुक्त' आणि 'ऑक्सिजन कमी असलेलं' असं लिहावं. 'ऑक्सिजनविरहित' हा शब्दही पुस्तकांत दिसतो, तोही नेमका नाही.

आता शब्द कुठून आले ते. रोहिणी म्हणजे लाल रंगाची. लालसर दिसणारा रोहिणीचा तारा ओळखीचा आहेच. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 700 सिरा सांगितल्या आहेत, त्यांचे 175-175 चे चार गट : वात वाहणाऱ्या अरुणा, पित्त वाहणाऱ्या नीला, कफ वाहणाऱ्या गौरी आणि रक्त वाहणाऱ्या रोहिणी. यातले 'रोहिणी' आणि 'नीला' हे दोन शब्द आधुनिक मराठी शास्त्रलेखनाने उचलले आणि नव्या अर्थाने बसवले : नीला म्हणजे शीर. म्हणून जुन्या ग्रंथातली 'नीला' आणि शरीरशास्त्राच्या मराठी पुस्तकातली 'नीला' एक नव्हेत, हे ध्यानात असू द्या. शिवाय नावात निळा असला आणि आकृतीत निळी रेघ असली, तरी आतलं रक्त गडद लालच असतं. निळसर छटा त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशामुळे दिसते.

धमनी आणि रोहिणी आजच्या शास्त्रीय मराठीत समानार्थी आहेत. 'धमनी'ची व्युत्पत्ती चरकसंहितेतच मिळते : 'ध्मानाद् धमन्यः, स्रवणात् स्रोतांसि, सरणात् सिराः'. ध्मान म्हणजे फुंकणं, भाता चालवणं. सरण म्हणजे सरकत जाणं. मला विलक्षण वाटतं ते हे की ग्रीकांकडेही धमनीचा संबंध हवेशीच जोडला गेला होता. मृत शरीरात धमन्या बहुधा रिकाम्या सापडतात, त्यामुळे एरासिस्ट्रेटस हा प्राचीन ग्रीक वैद्य त्यांत वायू खेळतो असं मानत होता. त्यांत रक्त असतं हे गेलेन या नंतरच्या ग्रीक वैद्याने दाखवलं. पण तेच रक्त फिरून हृदयाकडे येतं हे इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने 1628 मध्ये मांडलं आणि धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या इटालियन शास्त्रज्ञ मार्सेलो मालपिगीला 1661 मध्ये सूक्ष्मदर्शकातून दिसल्या. दिशेवरून व्याख्या करणं हार्वेनंतरच अर्थपूर्ण झालं.

वचनाचा घोळ खरा आहे. संस्कृत 'सिरा', 'शिरा' हे एकवचन. तो शब्द तसाच घेतला तर मराठीत भाषा–भाषा यासारखं शिरा–शिरा होतं. पण बोलीत त्याचंच रूप 'शीर' झालं आणि त्याचं अनेकवचन 'शिरा'. त्यामुळे 'शिरेत झडपा असतात' हे वाक्य दोन्हींकडून बरोबर, पण 'शिरा रक्त आणते' वाचताना मराठी कान अडखळतो. माझं मत : एक असेल तर 'शीर', अनेक असतील तर 'शिरा'. कपाळाची शीर उठते, पानाच्या शिरा दिसतात, असं आपण बोलतोच. उत्तरपत्रिकेत मात्र तुमच्या पुस्तकातलाच शब्द शेवटपर्यंत ठेवा. एका उत्तरात धमनी, दुसऱ्यात रोहिणी अशी सरमिसळ नको.

'नस' शास्त्रीय लेखनात टाळलेली बरी. 'मानेची नस दबली' म्हणतो तेव्हा तो मज्जातंतू असतो, रक्त काढताना 'नस सापडत नाही' तेव्हा शीर. आणि मनगटावर 'नाडी' बघतात तेव्हा बोटाखाली असते ती रोहिणी.