कायदा विचारा : मुलाचं वय आणि 1 जूनची नोंद

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या मुलानं खेळता खेळता शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीला काडी लावली. सोबत दहा वर्षांचा चुलतभाऊ होता. शेजारी केस करतो म्हणतात. (माजलगाव तालुका)

उत्तर : सहा वर्षांच्या मुलावर केस होऊच शकत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 20 नुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. दहा वर्षांच्या मुलाला कलम 21 लागू होतं. सात ते बारा या वयात, त्या कृत्याचा परिणाम कळण्याइतकी समज त्याला होती का, ते तपासतात. तो ओरडत मोठ्या माणसांकडे धावला की काडेपेटी लपवून बसला, अशा गोष्टींना इथं वजन असतं. तरीही प्रकरण बाल न्याय मंडळापुढंच, म्हणजे अठराखालच्या मुलांची प्रकरणं बघणाऱ्या मंडळापुढंच जाईल. भरपाईचा दावा दिवाणी असतो आणि त्यात आईवडिलांचा स्वतःचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. कडब्याचा भाव धरून गावातच मिटवलेलं बरं.

सातची ही मर्यादा 1860 च्या दंड संहितेतून तशीच आली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं 2019 मध्ये किमान 14 सुचवलं. आम्हालाही सात फारच कमी वाटतं.

प्रश्न : भाचा ऑगस्ट 2025 मधल्या मोटारसायकल चोरीत सापडला. जन्म 2007 च्या दिवाळीतला, पण शाळेत 1 जून 2007 लिहिलंय. पोलीस म्हणतात, अठरा पूर्ण झाले. (परभणी)

उत्तर : मराठवाड्यात गुरुजींनी सरसकट लिहिलेला 1 जून असा नडतो. वय धरायचं ते घटनेच्या दिवशीचं, अटकेच्या दिवशीचं नाही. बाल न्याय कायद्याचं कलम 94 आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघतं, तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद आणि तीही नसेल तरच हाडांची तपासणी. पण शाळेची नोंद खोडताच येत नाही असं नाही. पुरावा भक्कम हवा.

पहिलीत घातलं त्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा काढा. तारीख कशावरून लिहिली, हे मुख्याध्यापकांना साक्षीत विचारता येतं. जोडीला जन्माच्या वेळचीच ग्रामपंचायत नोंद, दवाखान्याचा कागद, लसीकरण कार्ड द्या. अटकेनंतर घाईनं करून आणलेली जन्मनोंद उलट संशय वाढवते. आधार कार्डावर विसंबू नका. न्यायालय ते जन्मतारखेचा पुरावा धरत नाही.

भाचा सध्या तुरुंगात असेल तर ज्या न्यायालयात केस चालू आहे तिथंच याच कायद्याच्या कलम 9 खाली वयाचा अर्ज द्या. निकाल लागल्यावरही हा मुद्दा मांडता येतो. अल्पवयीन ठरला तर त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही आणि जामीन हा नियम होतो. वाईट संगतीत पडण्याचा किंवा त्याच्याच जिवाला धोका असेल, अशा मोजक्या कारणांनीच मंडळ तो नाकारतं. सोळाच्या पुढचा म्हणून मोठ्यांसारखा खटला चालेल, ही भीती इथं नको. ती तरतूद किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांसाठी आहे. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं आहेत, म्हणजे किरकोळ गुन्हा. त्याची चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपली नाही तर प्रकरणच बंद होतं.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मुलांना उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : पकडलेल्या मुलाचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. (औसा)

उत्तर : बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून लेखी तक्रारीसोबत ठाण्यात द्या आणि पोच घ्या. तो फोटो पुढं कोणालाही पाठवू नका, तक्रार करताना सोबत आलेल्या नातेवाइकांनाही नाही.